चार बोटं बाहेर

छबुबाईंच्या चरकाचा रोलर दुरुस्तीसाठी नगरला निघाला होता. टेम्पोवाल्याशी बोलणं झालं होतं, चरक खोलून झाला होता, बिघडलेला रोलर गोणपाटात बांधून झाला होता. मी आडवा गेलो नसतो तर तो नगरला गेला असता, नीट होऊन आला असता आणि शिवरात्रीच्या आत फाट्यावर घुंगरं वाजायला लागली असती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण मला मध्येच अडवून तेच विचारतो, "मग नगरलाच कावून न्हाई जाऊ दिला?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असतं तर मी हकीकत सांगत बसलो नसतो.

छबुबाई म्हणजे आमच्या फाट्यावरच्या रसवंतीच्या मालकीण. कडा गावाकडून येणारी एसटी फाट्यावर थांबते, तिथंच, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, लिंबाच्या झाडाखाली त्यांचा मांडव. नवरा गेल्यापासून एकट्याच चालवतात. उसाचं कांडं चरकात सारताना त्या गिऱ्हाइकाच्या घरची खबरबात विचारतात, आणि रस गाळून होईपर्यंत गिऱ्हाइकाचं निम्मं दुःख त्यांना कळलेलं असतं. मला त्या भाऊ म्हणतात. माझ्या बायकोला, विजयमालाला, वहिनी म्हणतात, आणि तिच्या ग्लासात आलं जास्त घालतात.

त्यांचा चरक जुना, तीन रोलरचा. त्यातला मधला रोलर आपल्या शाफ्टवर सैल झाला होता. म्हणजे मोटर चालू केली की आतला दांडा गरगर फिरायचा आणि वरचा रोलर थोरल्या जावयासारखा जागच्या जागी बसून राहायचा. वेल्डिंगवाल्याने दोनदा टाके मारले, दोन्ही वेळा तुटले.

आता माझं सांगतो. मी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. हजेरी घेणं हे माझं काम. पण टाइम ऑफिसच्या खिडकीतून थेट वर्कशॉप दिसायचं, आणि गळीत हंगाम संपला की तिथं एक सोहळा चालायचा. तिथले रोलर हत्तीएवढे. रोलरचं जाड कवच चोहोबाजूंनी ज्योती लावून तापवायचे. लोखंड तापलं की फुगतं, तसं त्याच्या मधलं भोकही मोठं होतं. मग क्रेनने शाफ्ट अलगद आत सोडायचे. तो शाफ्ट भोकापेक्षा मुद्दाम किंचित जाड केलेला असायचा. एरवी तो आत जाणार नाही, पण तापलेल्या भोकात सुळ्ळकन जायचा. कवच निवलं की आवळायचं, आणि मग त्या दोघांना वेगळं करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. खिळा नाही, टाका नाही, नुसती ऊब आणि गारवा. मी किती तरी वर्षं हे खिडकीतून पाहिलं. आता खिडकीतून पाहणं आणि करणं यांत अंतर असतं हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे क्रिकेटपासून राजकारणापर्यंत सगळेच खिडकीतून बघून बोलतात, मग एका टाइमकीपरनेच का गप्प बसावं?

मी टेम्पोवाल्याला परत पाठवलं. छबुबाईंना म्हणालो, नगरवाले तरी काय वेगळं करणार? आपण इथंच करू. छबुबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रोलरकडे पाहिलं.

"भाऊ, तुमाला जमंल ना?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं आणि अंगावर काटा येतो.

पहिली पायरी म्हणजे नवीन शाफ्ट. त्यासाठी सोमनाथच्या लेथवर गेलो. त्याने विचारलं, भोकापेक्षा किती जाड ठेवू? मी म्हणालो, केसभर. तो म्हणाला, कुणाच्या केसाएवढा? विनोद करतोय असं वाटून मी हसलो, पण तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. मग मी, एका तांत्रिक अधिकाऱ्याला शोभेल अशा आवाजात, "नेहमीसारखा" असं सांगितलं. त्याने त्याच्या नेहमीसारखा केला. आम्हा दोघांचं नेहमीचं एकच असेल असं मी धरून चाललो.

शाफ्ट घरी आला तेव्हा मी हिशेब केला की कवच तापवायचं आणि शाफ्ट गार करायचा, म्हणजे एक फुगेल, दुसरा आकसेल, आणि काम दुप्पट सोपं होईल. कारखान्यात शाफ्ट गार करत नव्हते. ही सुधारणा माझी स्वतःची. गार करायला घरात फ्रिज होता. फ्रीजरमध्ये विजयमालाने वर्षाचे मटार सोलून ठेवले होते, ते मी बाहेर काढले. शाफ्ट तिरका बसला, पण त्याचं टोक बाहेर आलं, म्हणून फ्रीजरचं छोटं दार जरा जोरात ढकललं. दार सुटून हातात आलं. मग मी शाफ्टला धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून मोठं दार परकराच्या नाडीने आवळून बांधलं. दुपारी शेजारच्या मुक्ताबाई विरजण मागायला आल्या. विजयमालाने नाडी सोडली, आत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लांबट काही तरी बघून मुक्ताबाई विरजण न घेताच गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की विठ्ठलरावांच्या, म्हणजे माझ्या, फ्रिजमध्ये काही तरी आहे.  विजयमाला पाणी सुटलेले मटार घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला निघाली. 

एवढं करून शाफ्ट नुसता गार झाला. मापून बघितला तर होता तेवढाच.

तेव्हा आप्पांनी सल्ला दिला. आप्पा आमच्या समोरच राहतात. सोसायटीचे सचिव म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांचं मन सल्ल्यांनी भरून असतं. ते म्हणाले, फ्रिजने काय होतंय, जनावराच्या डॉक्टरकडचा नायट्रोजन आणा. वळूच्या वीर्याच्या कांड्या ज्यात ठेवतात तो. बोट घातलं तर बोट मोडून पडतंय म्हणे. मला पटलं. आप्पांचा सल्ला पटणं ही आमच्या गल्लीतली जुनी साथ आहे, आणि तिच्यावर लस निघालेली नाही.

मी रीतसर माणूस. आधी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जनावर कोणतं ते विचारलं. मी म्हणालो, रोलर. त्यांनी जात विचारली. मी म्हणालो, बिडाचा आहे. त्यांना वाटलं बीडचा आहे. गावरान असं लिहून त्यांनी कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितला. मी म्हणालो, त्याला कान नाहीत. बाबूंनी पेन खाली ठेवलं. मग मी लोखंड, ऊब, गारवा असं सगळं पहिल्यापासून समजावलं, अगदी कारखान्यातल्या क्रेनसह. ऐकून ते म्हणाले, नायट्रोजन फक्त जनावरांसाठी, आणि तुमचं जनावर नाही. खरं तर ते मला अडवत होते, वाचवत होते. मला तो माझा अपमान वाटला. ज्या माणसासमोर अख्खा कारखाना रोज सकाळी हजर व्हायचा, त्याला एका बाबूने जनावर नाही म्हणून परत पाठवावं?

त्या रागात मी बद्रीनाथकडे गेलो. बद्रीनाथ खासगीत, कृत्रिम रेतनाने, गाई-म्हशी भरवतो. मोटारसायकलला नायट्रोजनचा डबा बांधून वाडी-वस्तीवर फिरतो, लोक त्याला डॉक्टर म्हणतात. डब्यात नायट्रोजनमध्ये बुडालेल्या कांड्या असतात, त्या बुडालेल्या राहिल्या तरच त्यांच्यात जीव राहतो. डब्यात नायट्रोजन भरून देणारी गाडी ठरावीक दिवसांनीच येते. तो आधी नाही म्हणाला. पण तो छबुबाईंच्या मांडवात रोज बसणारा. छबुबाईंचं नाव निघालं आणि तो विरघळला. "थोडाच घ्या साहेब," म्हणाला. "कांड्या उघड्या पडू देऊ नका."

तापवण्यासाठी गोवऱ्या पाहिजे होत्या. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची तर गोवऱ्यांच्याच आरात, म्हणजे निखाऱ्यांत, तापवतात, हे इकडे सगळ्यांना ठाऊक. म्हाळू आणि त्याची बायको ताराबाई यांची वस्ती ओढ्यापलीकडे. शेळ्या-मेंढ्या आणि एक देवणी कालवड. कालवड म्हणजे ताराबाईचा जीव, तिच्याशी ती लेकीशी बोलावं तसं बोलायची. पहिल्यांदाच माजावर यायची होती, आणि म्हाळूने बद्रीनाथला सांगून चांगल्या देवणी वळूची कांडी खास मागवून ठेवली होती. म्हाळूने पाठीवर वाहून मांडवापर्यंत गोवऱ्या आणल्या आणि चहासुद्धा घेतला नाही. छबुबाईंचं काम आहे म्हणाला.

ठरलेल्या दिवशी सकाळी फाट्यावर जत्रा जमली. एसटी थांबली ती थांबलीच, कंडक्टर खाली उतरून पुढे येऊन उभा राहिला. गोवऱ्यांच्या आरात विटांवर रोलर उभा ठेवला होता. मासेवाल्याकडून आणलेला थर्माकोलचा खोका मी मधोमध ठेवला, त्यात शाफ्ट, आणि शाफ्टवर बद्रीनाथने नायट्रोजनची धार धरली. काय सांगू, ढगच उतरला. पांढरी वाफ जमिनीवरून लोकांच्या पायांत शिरली, बायकांनी लुगडी सावरली, एक कोंबडी त्यात शिरली आणि दुसऱ्या बाजूने वेगळ्याच वेगाने निघाली. खोक्यात खळखळ उकळी फुटली होती, उकळी आणि गार. लोक माझ्याकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बद्रीनाथला फोन आला. कुणाची तरी म्हैस अडली होती. डबा माझ्यावर सोपवून तो दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून गेला. उकळी अजून थांबली नव्हती, म्हणून मी आणखी थोडा ओतला. तरी थांबेना, म्हणून आणखी थोडा. डब्यात वाकून बघितलं तर आत पांढरं धुकं होतं. धुकं म्हणजे भरलेलाच की, असं म्हणून मी झाकण लावलं.

रोलर चांगला तापला. दोघांनी सांडशीने उचलून तो पाटावर उभा केला. मी हाताला गोणपाट गुंडाळून शाफ्ट उचलला, भोकावर धरला आणि सोडला. सुळ्ळकन गेला. खिडकीतून पाहिलं होतं तसाच, लोण्यात सुरी जावी तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि नेमके त्याच वेळी आप्पा म्हणाले, थांबा, फोटो.

मी थांबलो. शाफ्ट पूर्ण खाली बसायला चार बोटं बाकी होती. एक दाबा आणि संपलं असतं. पण मी एक हात शाफ्टवर ठेवून मान वर केली, चष्मा सारखा केला. आप्पा म्हणाले, छबुबाईंना पण घ्या. छबुबाई पदर सारखा करत आल्या. आप्पांच्या फोनमध्ये जागा नव्हती, त्यांनी नातवाचा एक व्हिडिओ पुसला. फोटो निघाला. मी दाबलं.

शाफ्ट हलला नाही.

गार शाफ्टने रोलरची ऊब ओढून घेतली होती, रोलरने आवळलं होतं, आणि माझी सगळी विद्या खरी ठरली होती. त्या दोघांना आता कुणी वेगळं करू शकणार नव्हतं. फक्त चार बोटं बाहेर राहिली होती. ज्या माणसाने जन्मभर लोकांना उशिराचा शेरा मारला, त्याच्यासाठी लोखंड मात्र एका फोटोपुरतंही थांबलं नाही.

मी लाकडी मोगरीने ठोकलं. मग कंडक्टरने ठोकलं. मग मी ओळखत नसलेल्या दोन प्रवाशांनी ठोकलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून कंडक्टरला परत नेलं. आप्पांनी सांगितलं, परत तापवा. तापवलं, तर आता शाफ्टही सोबत तापला आणि दोघं एकजुटीने फुगले. मग आप्पा म्हणाले, नुसत्या शाफ्टवर गार पाणी सोडा, तो आकसेल. ते ऐकायला बरोबर वाटलं. मी कळशी घेतली. पाणी शाफ्टवर पडलं, आणि शाफ्टवरून ओघळून तापलेल्या रोलरवर आलं.

आवाज फार मोठा नव्हता. शाळेच्या घंटेवर एकच टोला पडावा तसा. रोलरच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक चीर गेली, सुईने काढल्यासारखी बारीक.

जमलेले लोक एकदम घरची कामं आठवून निघाले. आप्पाही निघाले. छबुबाई खाली बसल्या, चिरेवरून बोट फिरवायला गेल्या, मी त्यांना अडवलं, गरम होतं. म्हणून त्या नुसत्या बघत राहिल्या. मी काही तरी बोलायला लागलो. बिडाचं लोखंड, आत आधीपासून दोष असेल, सोमनाथने शाफ्ट जास्तच जाड ठेवला असेल. त्यांनी मला हाताने थांबवलं.

"जाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी मनापासून केलं."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर त्यांचा ऋणी राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी तो चार बोटं बाहेर राहिलेला, चिरलेला ऐवज घेऊन मी स्वतः नगरला गेलो. तिथल्या कारखानदाराने उलटसुलट करून बघितला. या मापाचे रोलर ओतणं त्यांनी कधीच बंद केलं होतं. रोलर सैल होता तेव्हा आणला असता तर बसवून दिला असता म्हणाला, ही आमची रोजची कामं. चिरलेल्याला उपाय नाही. त्याने मला चहा पाजला. मी तो घेतला, कारण नाही म्हणायचंही बळ नव्हतं.

शिवरात्र गेली. आठवडाभराने लिंबाच्या झाडाखाली बाहेरगावचा एक जण चकचकीत यंत्राची गाडी लावून उभा राहिला. जागा मोकळी दिसली, त्याने लावली, त्याचं काय चुकलं? छबुबाईंनी आपला मांडव सोडवून बांबू घरी नेले. मी नवीन यंत्राचं विचारलं तर म्हणाल्या, या वयात नव्या यंत्राशी ओळख कशाला. गावात माझं नाव गरमथंड साहेब पडलं. ते मी सोसलं. मी रस्त्याने जाताना पोरं हात चोळून फू फू करत, तेही सोसलं.

पण म्हाळूचं सोसलं नाही. आमच्या त्या सोहळ्यानंतर लगेच त्याची कालवड माजावर आली होती. बद्रीनाथने खास मागवलेली कांडी भरली. ताराबाईने कालवडीला हळदकुंकू लावलं, गूळ खाऊ घातला. मग महिना सरायच्या आत कालवड उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. त्याच आठवड्यात बद्रीनाथने भरवलेल्या दुसऱ्या गाईही उलटल्या, एका पाठोपाठ एक. बद्रीनाथ माझ्याकडे आला. डबा परत घेतला त्या दिवशी त्याने मला विचारलं होतं, कांड्या बुडालेल्या आहेत ना, आणि मी आहेत की म्हणालो होतो.  आता तो नुसता ओट्यावर बसला. लोक त्याला डॉक्टर म्हणायचं बंद करतील एवढंच म्हणाला.

मीच उठलो. त्याला घेऊन ओढा ओलांडून वस्तीवर गेलो आणि म्हाळूला सगळं सांगितलं. धुकं बघून भरलेला समजलो तेही सांगितलं. यात बद्रीनाथचा दोष नाही, प्रत्येक दावणीला जाऊन मीच सांगेन म्हणालो, आणि पुढे गेलोही. म्हाळू बराच वेळ कालवडीच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

"गाय थांबल हो साहेब," तो म्हणाला. "हिला कसं सांगू?" आणि त्याने आत, चुलीपाशी बसलेल्या ताराबाईकडे बघितलं.

तिने ऐकलंच होतं. ती बाहेर आली, आमच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेळ्या घेऊन माळाकडे निघून गेली. 

चैत्रात छबुबाई लेकीकडे, बबिताकडे, पुण्याला गेल्या. जाताना विजयमालाला भेटून गेल्या, मी मुद्दाम बाजारात गेलो होतो. मोठ्या उन्हात एका दुपारी त्यांचा फोन आला. विजयमाला झोपली होती, म्हणून मला घ्यावा लागला. त्या बऱ्या होत्या. गुडघ्याला आराम होता. लेक काही काम करू देत नाही म्हणाल्या, तिथं सगळे दार लावून बसतात म्हणाल्या, दिवसभर बोलायला कुणी नसतं. फाट्यावरच्या एकेकाची चौकशी केली. कंडक्टरच्या मुलीचं जमलं का विचारलं. मग म्हणाल्या,

"भाऊ, गावाकडं ऊन लई हाय का?"

"हाय," मी म्हणालो. "अवंदा लईच."

"मंग गिऱ्हाईक झालं असतं," त्या म्हणाल्या.

तक्रार नव्हती त्यात. उसाचं कांडं हातात धरून रस्त्याकडे बघत बोलावं तशा बोलल्या. मग फोन केला होता असं वहिनींना सांगा म्हणून फोन ठेवला. बाहेर फाट्यावर एसटी आल्याचा आवाज आला, माणसं उतरली, कुणी तरी विचारत होतं की इथं त्या मावशी बसायच्या त्या कुठं गेल्या. कुणी सांगतं का म्हणून मी खिडकीशी उभा राहून ऐकलं. कुणी सांगितलं नाही.